लाईट जाते तिथला स्टुडिओ

दिवाळी झाली की गोंदिया जिल्ह्यात मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. त्याआधी नवरात्रात देवीचे जस झालेले असतात, पुढे माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडच्या यात्रेत गोंडी गाणी घुमतात, एप्रिलमध्ये भीमजयंतीची गाणी येतात आणि लग्नसराईत धुमाल वाजवणाऱ्या बँडवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मराठी, झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी वळणाची हिंदी, इतक्या बोलींत इथे गाणं होतं. पूर्वी ते रेकॉर्ड करायचं म्हणजे नागपूरचं नाही तर रायपूरचं तिकीट काढायचं. आता पुष्कळसं गाणं घरच्याच एखाद्या खोलीत, दाराला गोधडी लावून रेकॉर्ड होतं आणि यूट्यूबवर जातं.

अशा घरात कम्प्युटर घ्यायचा विषय निघाला की सल्ले दोनच मिळतात. दुकानदार म्हणतो, ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉप घ्या, त्याच्यावर सगळं चालतं. यूट्यूबवरचा तज्ज्ञ म्हणतो, ॲपल घ्या, बाकी सगळी खेळणी. तुम्ही नेमकं काय करणार आहात आणि तुमच्याकडे मे महिन्यात लाईट किती वेळा जाते, हे दोघांनीही विचारलेलं नसतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरी गाणी करायला लागणारा कम्प्युटर बहुतेकांच्या समजुतीपेक्षा बराच स्वस्तात मिळतो. वाचलेले पैसे माइक, तो कम्प्युटरला जोडणारा ऑडिओ इंटरफेस आणि घरच्या अर्थिंगवर घातले तर गाण्यात फरक ऐकू येतो; प्रोसेसरच्या वरच्या मॉडेलवर घातले तर बहुतेक वेळा येत नाही.

१९८५ मध्ये अटारी कंपनीचा ५२०एसटी हा कम्प्युटर आला. त्याची रॅम होती ५१२ किलोबाइट आणि प्रोसेसर ८ मेगाहर्ट्‌झचा. पण त्याच्या अंगातच वाद्यं जोडायचे मिडीचे सॉकेट होते, म्हणून जगभरातल्या संगीतकारांनी तो उचलला. तो आवाज साठवत नव्हता. कोणता स्वर, किती जोरात, कधी सुरू, कधी बंद, एवढंच लिहून ठेवत होता आणि आवाज बाहेरचा कीबोर्ड काढत होता. १९८९ मध्ये ए. आर. रहमान यांनी मद्रासला आपल्या घराच्या आवारात ‘पंचतन रेकॉर्ड इन’ उभा केला आणि तिथून १९९२ च्या ‘रोजा’पर्यंत पोचले. अगदी अलीकडचं उदाहरण बिली आयलिशचं. भावाच्या छोट्या बेडरूममध्ये तिचा २०१९ चा अल्बम बहुतांशी तयार झाला आणि २०२० च्या ग्रॅमीत वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरला. घर अडचण नसतं आणि बहुतेक वेळा कम्प्युटरही अडचण नसतो. अडतं ते कम्प्युटरला कोणतं काम दिलंय आणि ते तो वेळेत करतो का, यावर.

हा ‘वेळेत’ शब्द महत्त्वाचा आहे. व्हिडिओ एडिटिंगमध्ये मशीन मंद असेल तर एक्स्पोर्टला तास जास्त लागेल, चहा पिऊन या. गाणं वाजत असताना अशी सवलत नाही. कम्प्युटर आवाज सलग हाताळत नाही. सेकंदाला ४८,००० नमुने, अशा हिशेबाने त्याचे बारीक तुकडे करतो आणि तुकड्यांचे गठ्ठे करून पुढे सरकवतो. एका गठ्ठ्यात १२८ नमुने धरले तर दर २.६७ मिलिसेकंदाला एक गठ्ठा तयार व्हायला हवा, म्हणजे सेकंदाला ३७५. त्यातला एक जरी उशिरा आला तरी स्पीकरमधून ‘कट्’ असा आवाज येतो आणि तो टेक वाया जातो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात.

गोंदियाकरांना हे राईस मिलवरून चटकन कळेल. मिलच्या तोंडाशी हॉपर असतो. हमाल पोती ओततात ती त्यात आणि मिल खालून धान सतत ओढत राहते. हॉपर मोठा असला तर हमाल दोन मिनिटं दम खाऊ शकतो, मिल रिकामी पडत नाही. पण आत्ता ओतलेलं धान खाली यायला उशीर लागतो. हॉपर छोटा केला तर ओतलेलं धान लगेच खाली येतं, पण हमालाला मान वर करायची सोय नाही. बफर मोठा ठेवला की कम्प्युटरला आराम मिळतो आणि आवाज उशिरा येतो. छोटा ठेवला की आवाज लगेच येतो आणि कम्प्युटरची दमछाक होते. ध्वनिमुद्रणाच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ६४, १२८, २५६, ५१२, १०२४ असे आकडे दिसतात, ते हेच. १०२४ वर एका बाजूचा उशीर २१ मिलिसेकंदांचा होतो. आत येताना आणि बाहेर जाताना मिळून त्याच्या दुप्पट, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा.

उशीर किती चालतो? आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांत सुमारे साडेतीन मीटर. दंडारीत ढोलकीवाला आणि गाणारा यांच्यात एवढं अंतर सहज असतं आणि कुणाची लय बिघडत नाही. तेव्हा १० मिलिसेकंदांच्या आसपासचा उशीर बहुतेकांना चालून जातो. ३०-४० च्या पुढे गेला की गाणारा स्वतःच्याच आवाजाची वाट पाहू लागतो आणि गाणं जड होतं. ब्लूटूथ हेडफोन तर यात बसतच नाहीत. त्यांचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या वर सहज जातो. वायरचा साधा हेडफोन घ्या आणि विषय संपवा.

आता आपल्याकडे घराघरांत नेमकं काय चालतं ते बघू, कारण कम्प्युटर त्यावरून ठरतो. सगळ्यात जास्त काम असतं ते तयार ट्रॅकवर गाण्याचं. ट्रॅक कुणी अरेंजरने पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो (व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा हो, ऑडिओ म्हणून नको), त्यावर गायक गातो, कोरस चढतो, थोडा इको लागतो आणि गाणं तयार. या कामाला कमी बफर लागतच नाही. जवळजवळ प्रत्येक ऑडिओ इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचं बटण किंवा खुंटी असते. ती लावली की माइकचा आवाज कम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. बफर खुशाल १०२४ ठेवा. दहा वर्षांपूर्वीचा धडधाकट लॅपटॉपसुद्धा हे काम हसत करतो.

दुसरं काम कीबोर्डवाल्यांचं. धुमाल किंवा ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या मंडळींकडे यामाहा, रोलँड, कॉर्गचा एखादा कीबोर्ड आणि ऑक्टापॅड आधीच असतो. आवाज त्या यंत्रातूनच निघतो. कम्प्युटरने तो फक्त वायरीने आत घ्यायचा. अटारीच्या काळासारखी इथेही कम्प्युटरवर मेहनत थोडीच पडते. हातात चांगला कीबोर्ड असताना ‘कम्प्युटरात सगळे टोन आले पाहिजेत’ म्हणून महागडी मशीन घेणारे लोक मी बरेच बघतो आणि मला ते पटत नाही.

तिसरं काम खरं भारी. कीबोर्डवर बोट ठेवायचं आणि तबला, बासरी, व्हायोलिनचा ताफा, सगळं कम्प्युटरने वाजवायचं. भारतीय वाद्यांसाठी स्वरप्लग, पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी कॉन्टॅक्ट नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या लायब्ऱ्या, अशी ही सॉफ्टवेअरमधली वाद्यं. इथे डायरेक्ट मॉनिटरचा उपयोग नाही, कारण आवाज कम्प्युटरच्या पोटातूनच यायचा असतो. बफर १२८ किंवा २५६ वर आणावा लागतो, प्रोसेसर चांगला लागतो आणि रॅम भरपूर लागते. तुम्ही या तिसऱ्या गटात असाल तरच पुढचे मोठे आकडे तुमच्यासाठी आहेत.

प्रोसेसरबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की जितके कोअर जास्त तितकं बरं. काही प्रमाणात ते खरं आहे, कारण वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर वाटून देता येतात. पण एकाच ट्रॅकवर आधी इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, मग रिव्हर्ब लावला असेल तर ते क्रमानेच व्हावं लागतं. पहिल्याचं उत्तर आल्याशिवाय दुसरा सुरू होऊ शकत नाही. तुम्ही त्या क्षणी वाजवत असलेल्या वाद्याचंही तसंच आणि सगळ्यांच्या शेवटी असलेल्या मास्टर ट्रॅकचंही. म्हणून कोअरच्या संख्येआधी एकेका कोअरचा वेग बघायचा. लॅपटॉपच्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असेल तर तो कमी वीज खाणारा, ‘एच’ असेल तर ताकदीचा पण तापणारा. तिसऱ्या गटातल्यांनी ‘एच’ बघावा; पहिल्या दोन गटांना ‘यू’ पुरतो. आणि जुन्या मशीनवर अडलंच तर बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्रीज’ची सोय असते. ज्या ट्रॅकचं काम झालं तो फ्रीज केला की त्याची साधी आवाजाची फाइल होते आणि प्रोसेसर मोकळा. या एका बटणावर लोकांनी चाळीस-चाळीस ट्रॅकची गाणी साध्या लॅपटॉपवर काढली आहेत.

रॅम १६ जीबी. यावर घासाघीस नको. एकट्या विंडोजला तीन-चार जीबी लागते, ब्राउझर उघडा राहिला तर तो आणखी खातो, मग आठ जीबीत लायब्ररीला जागा कुठे उरते? फक्त गायन रेकॉर्ड करणाऱ्याचं आठवर भागतं, पण तो उद्या कीबोर्ड घेणार नाही याची खात्री कोण देणार. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत, म्हणून ‘आत्ता आठ घेऊ, नंतर वाढवू’ हा जुना हिशेब पूर्वीसारखा स्वस्त राहिलेला नाही. १६ बसवलेली मशीनच शोधा.

डिस्कचा मात्र लोक उगाच बाऊ करतात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर एका माइकचं रेकॉर्डिंग मिनिटाला ८.६४ मेगाबाइट जागा घेतं. पाच मिनिटांच्या गाण्याचे वीस ट्रॅक म्हणजे सुमारे ८६४ मेगाबाइट, आणि ते एकदम वाजवायला सेकंदाला तीन मेगाबाइटसुद्धा वाचावे लागत नाहीत. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइट वाचते. तरी एसएसडी घ्यायचीच, पण ट्रॅकसाठी नाही. मशीन चटकन सुरू व्हावी, लायब्ररीतले हजारो छोटे तुकडे पटकन उघडावेत आणि माइकशेजारी डिस्कची घरघर नसावी म्हणून. साधी साटा एसएसडी की महागडी एनव्हीएमई, यात गाण्याला फारसं काही कळत नाही. ५१२ जीबी घ्या आणि एक बाहेरची डिस्क बॅकअपला वेगळी ठेवा. गेलेला टेक परत गाता येतो, गेलेला गायक परत येत नाही. गावातल्या म्हाताऱ्या शाहिराचा आवाज दोन ठिकाणी असलेला बरा.

ग्राफिक्स कार्डावर एक रुपयाही घालू नका. ध्वनीच्या कामात ते जवळपास बसूनच असतं, वर त्याचा पंखा भणभणतो. असेंबल डेस्कटॉप घेणाऱ्यांनी इथे एक सापळा लक्षात ठेवावा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात स्क्रीन चालवायची सोयच नसते आणि वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. ‘एफ’ नसलेला आय५-१२४०० थोडा महाग दिसतो, पण कार्डाचा खर्च वाचवतो.

बहुतेकांसाठी माझी शिफारस मात्र नव्या मशीनची नाही. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा काढतात आणि ते रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतात: लेनोव्होचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक. यांची बांधणी घरगुती लॅपटॉपपेक्षा दणकट असते, सुटे भाग मिळतात आणि मागचं झाकण साध्या स्क्रूने उघडतं. घेताना एक रेषा ओलांडायची नाही, ती इंटेलच्या आठव्या पिढीची. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार बंद केला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. शिवाय सातव्या पिढीपर्यंत लॅपटॉपच्या ‘यू’ प्रोसेसरांत दोनच कोअर असायचे, आठवीत आय५ आणि आय७ मध्ये चार झाले. सातवीचा लॅपटॉप दोन-चार हजारांनी स्वस्त मिळतो म्हणून मोह होतो, तो टाळा.

दुकानात गेल्यावर मशीन चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ असं लिहिलेलं दिसेल: दोनपैकी एक, दोनपैकी दोन वगैरे. मग त्याच खिडकीत सीपीयूवर जा आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. बाहेरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका, स्टिकर बदलता येतात. नावातल्या एका अक्षरानेही फरक पडतो. थिंकपॅड टी४८० मध्ये रॅमचे दोन्ही स्लॉट मोकळे, बदलता येण्याजोगे असतात. दिसायला तसाच, जरा सडपातळ टी४८०एस घेतलात तर थोडी रॅम बोर्डावरच चिकटवलेली आणि स्लॉट एकच. त्यानंतर लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर नेऊन दहा मिनिटं चालवा. मशीन आवाजाचं काम वेळेत करू शकते की कुठला ड्रायव्हर मध्येच वाट अडवतो, हे ते लाल-हिरव्या पट्ट्यांनी सांगतं. लाल दिसलं तर वाय-फाय बंद करून पुन्हा बघा. कित्येकदा गुन्हेगार वाय-फायचा ड्रायव्हर असतो आणि रेकॉर्डिंगच्या वेळी ते बंद ठेवलं की झालं. दुकानदार कंटाळेल. कंटाळू द्या.

मॅकचं काय? २०२४ च्या शेवटी आलेला एम४ प्रोसेसरचा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना निघाला आणि त्याच्या मूळ मॉडेलमध्येच १६ जीबी मेमरी होती. तिसऱ्या गटातल्या माणसाला त्या किमतीत त्याच्या तोडीचं दुसरं मिळणं कठीण आहे: गरम होत नाही, आवाज करत नाही, वीज नावापुरती खातो आणि गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सोबत फुकट येतं. पण स्क्रीन, कीबोर्ड, माउस वेगळे, मेमरी नंतर वाढत नाही आणि बिघडला तर नागपूरची तयारी ठेवावी लागते. तुमचा अरेंजर एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरच्या फाइल विंडोजवर करत असेल आणि त्याच्याकडची अर्धी प्लगइन (म्हणजे वरून जोडलेली वाद्यं आणि इफेक्ट) तुमच्याकडे नसतील, तर मशीन कितीही चांगली असली तरी काम अडतंच. ज्यांच्याबरोबर गाणी करता त्यांच्याकडे काय आहे ते आधी विचारा.

आता लाईट. मोठ्या शहरांतले लेख या भागावरून दोन ओळींत पुढे जातात. आपल्याकडे इथेच थांबावं लागतं. लॅपटॉपचा पहिला फायदा त्याची बॅटरी. त्याच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे व्होल्टेज उतरलं तरी तो तग धरतो. डेस्कटॉप घेतला तर यूपीएस हवाच. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरांना दोन मोड असतात, एक साधा किंवा इको आणि दुसरा यूपीएस. साध्या मोडवर लाईट गेल्यापासून बॅटरीवर यायला इतका वेळ जातो की पंख्याला कळत नाही पण कम्प्युटर बंद पडतो. यूपीएस मोडवर हा बदल सुमारे १० मिलिसेकंदांत होतो आणि डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय तेवढा दम धरू शकतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ट्यूबलाइट जशी गुणगुणते तशी ती गुणगुण तुमच्या माइकच्या लाइनीतही उतरते.

गुणगुणीचं दुसरं उगमस्थान अर्थिंग. आपल्या मेन लाइनीची वारंवारता ५० हर्ट्‌झ, त्यामुळे अर्थिंग बिघडलं की ५० आणि १०० हर्ट्‌झचा हूं असा घुमारा रेकॉर्डिंगमध्ये बसतो. कौलारू किंवा जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते, असं पुष्कळदा निघतं. तपासणी सोपी आहे. माइक लावा, हेडफोन घाला, आवाज वाढवा आणि ऐकत असतानाच लॅपटॉपचा अडॅप्टर काढा. हूं थांबला तर दोष बहुधा वायरिंगचा. मग कम्प्युटर, इंटरफेस, कीबोर्ड, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून खड्ड्यातलं अर्थिंग नीट करून घ्या. काही लोक हूं घालवायला प्लगची अर्थची पिन तोडतात. हूं जातो खरा, पण यंत्रात बिघाड झाला तर करंट तुमच्या अंगातून जमिनीत जायचा. असलं काही करू नका. तोवर साधा मार्ग म्हणजे टेक घेताना लॅपटॉप बॅटरीवर चालवणं. मात्र तेव्हा विंडोजचा पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवा, नाही तर बॅटरी वाचवायला प्रोसेसर स्वतःच सावकाश चालतो आणि कट्-कट् सुरू होते.

उन्हाळा तर वेगळाच. मेमध्ये पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो. प्रोसेसर साधारण शंभर अंशांच्या जवळ पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. बाहेरची हवाच इतकी तापलेली असेल तर पातळ गेमिंग लॅपटॉप कागदावरचा वेग पाच मिनिटंही टिकवत नाही. कूलर लावावा तर त्याचा घरघराट माइकमध्ये. शहाणी माणसं मिक्सिंग दुपारी करतात आणि गायन रात्री. पावसाळ्यात रात्रीचीही सोय नाही. रोवणी झाली की बांधीतले बेडूक असा सूर धरतात की कुठलंही नॉइज रिडक्शन हात टेकतं. तापण्याचा विचार केला तर जाड, जुन्या बांधणीचा, पंख्याच्या जाळ्या मोकळ्या असलेला लॅपटॉप, वर्षातून एकदा धूळ काढून थर्मल पेस्ट बदललेला, आपल्या हवेला मानवतो. डेस्कटॉप असेल तर डबा शेजारच्या खोलीत ठेवा. यूएसबी २ ची साधी वायर पाच मीटरपर्यंत चालते.

माइक थेट लॅपटॉपच्या भोकात लावू नका. तिथली चिप मीटिंगपुरती असते. दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस, ४८ व्होल्टची फँटम पॉवर असलेला, बेरिंजर किंवा फोकसराइटसारख्या कंपन्यांचा मिळतो. त्याचा फायदा फक्त आवाजाच्या दर्जाचा नाही. सोबत कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर येत असेल तर विंडोजच्या मधल्या मजल्यांना टाळून आवाज सरळ सॉफ्टवेअरमध्ये जातो. स्टाइनबर्ग कंपनीने ही पद्धत १९९७ मध्ये काढली ती याचसाठी. मॅकमध्ये ही सोय मुळातच असते. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बीएम-८०० माइक आणि रंगीत बटणांच्या व्ही८ साउंडकार्डाच्या जोडीपासून मात्र दूर राहा. टाळ्यांचा नि हसण्याचा आवाज काढायला ते ठीक आहे, गाण्याला नाही.

सॉफ्टवेअरला पैसे नाहीत म्हणून क्रॅक टाकायची आपल्याकडे रीतच पडली आहे. त्यातून येणारे व्हायरस आणि मध्येच बंद पडणारी प्लगइन यांत जितका वेळ जातो, त्याचा हिशेब कुणी करत नाही. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, लहान वापरकर्त्यासाठी त्याचा परवाना ६० डॉलरचा आहे आणि ते जुन्या मशीनवरही हलकं चालतं. वेव्हफॉर्म फ्री खरोखर फुकट आहे. एफएल स्टुडिओचा परवाना एकदा घेतला की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट, पण घेताना प्रोड्यूसर एडिशन बघा. त्याखालच्या फ्रूटी एडिशनमध्ये माइकचं रेकॉर्डिंग होत नाही. ज्याच्याकडे आज काहीच नाही त्याने मोबाइलवर बँडलॅबपासून सुरू करावं. तिथे तीन गाणी पूर्ण केली की आपण वरच्या तीन गटांतल्या कुठल्या गटात बसतो ते आपोआप कळतं, आणि कम्प्युटर घेताना दुकानदार फसवू शकत नाही.

पन्नास हजार हातात असतील तर मी असे घालीन: निम्मे लॅपटॉपवर, उरलेल्यातून इंटरफेस, एक बरा माइक, बंद कपांचा वायरचा हेडफोन आणि बॅकअपची डिस्क, शेवटी जे उरेल ते अर्थिंगच्या खड्ड्यात आणि दारा-खिडक्यांना लावायच्या जाड गोधड्यांत. स्पीकर नंतर. आणि यंदाच्या मंडईसाठी गाणं काढायचं मनात असेल तर मशीन पोळ्याच्या आत घरात येऊ द्या, कारण सॉफ्टवेअर हाताखाली बसायला दोन-अडीच महिने लागतातच.